कादंबरी कशी वाचली गेली: एका अभ्यासप्रकल्पाच्या नोंदी

४ जानेवारी

प्रकल्पाचा विषय आज पक्का झाला. एखादी कादंबरी लोकप्रिय का होते आणि तिच्याविषयीचे बरेवाईट मत कसे बनते, याचे उत्तर आपण बहुधा कादंबरीच्या पानांतच शोधतो. कथानक, पात्रे, भाषा, आशय यांची चर्चा होते आणि तिथेच विषय संपतो. आम्हांला वाचकाच्या बाजूने सुरुवात करायची आहे. कादंबरी सलग वाचली की तुकड्यातुकड्यांनी, एकदा की पुन्हापुन्हा, डोळ्यांनी की कानांनी, स्वतः निवडून की कुणीतरी नेमून दिली म्हणून, या गोष्टी अखेरच्या मतात किती उतरतात हे पाहायचे आहे. आमचे गृहीतक असे की वाचकाचा अभिप्राय हा त्या एका वाचनाविषयीचा असतो, आणि ते वाचन कसे झाले हे ठाऊक नसेल तर तो अभिप्राय आपल्याला अर्धाच कळतो.

कामाचे दोन भाग केले आहेत. वाचनाची रीत बदलली आणि तिच्याबरोबर पुस्तकाचे नशीबही बदलले, अशी नीट नोंदलेली उदाहरणे वाङ्मयेतिहासातून गोळा करणे हा पहिला भाग. प्रकल्पात सामील झालेल्या वाचकांकडून प्रत्येक कादंबरीमागे एक वाचनपत्रक भरून घेणे हा दुसरा. वाचक मोजके आहेत आणि स्वेच्छेने आलेले आहेत, त्यामुळे त्यांच्या पत्रकांतून टक्केवारी काढून सर्वसाधारण विधान करायचे नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरले. पत्रके एकेक करून वाचायची आहेत.

९ जानेवारी

पत्रकाचा मसुदा तयार झाला. पुस्तक हाती कसे आले, वाचण्यापूर्वी त्याविषयी काय ठाऊक होते, छापील वाचले, पडद्यावर वाचले की ऐकले, साधारण किती बैठकांत वाचले, दोन बैठकांमधले सर्वांत मोठे अंतर किती होते आणि ते नेमके कोणत्या प्रकरणावर पडले, असे रकाने आहेत. मत तीनदा नोंदवायचे आहे: निम्मे वाचून झाल्यावर, संपल्यावर आणि त्यानंतर सुमारे महिन्याने, पुस्तक न उघडता.

सर्वांत अधिक चर्चा अर्धवट सोडलेल्या कादंबऱ्यांवर झाली. ज्याने पुस्तक पूर्ण वाचले नाही त्याला मत देण्याचा अधिकार नाही, असा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आग्रह होता आणि समीक्षेची शिस्त म्हणून तो योग्यच आहे. परंतु आपण येथे समीक्षा लिहीत नसून मते कशी बनतात ते पाहतो आहोत. सोडणारा वाचक हा कादंबरीच्या आयुष्यातील फार मोठा घटक आहे, आणि तो सहसा कुठेच नोंदला जात नाही. त्याने खरेदी केली असेल तर खपाच्या आकड्यात तो समाधानी वाचकासारखाच दिसतो. वाचकांनी ताऱ्यांच्या रूपात दिलेले गुण, म्हणजे तारांकने, मोजली तर तो दिसतच नाही. म्हणून सोडलेल्या कादंबरीचे पत्रकही पूर्ण पत्रक मानायचे आणि कुठे सोडली, का सोडली या रकान्यांना अधिक जागा द्यायची, असा निर्णय झाला. माझ्या दृष्टीने आजवरचा हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे.

१६ जानेवारी

लोकप्रियतेची मापे तपासण्यात दिवस गेला. विकलेल्या प्रती, ग्रंथालयातील देवघेव, वाचकांनी दिलेली तारांकने, पुढच्या आवृत्त्या ही सगळी मापे आपण एकाच गोष्टीची समजतो, पण प्रत्येक माप वाचनाच्या वेगळ्या टप्प्यावर घेतलेले असते. खप हा विकत घेण्याच्या निर्णयाचा आकडा आहे, देवघेव सुरुवात करण्याची आहे, आणि तारांकन बहुतांशी शेवटापर्यंत पोचलेल्या व वर बोलण्याची इच्छा असलेल्या वाचकाचे आहे.

मालिकेतील कादंबऱ्यांकडे पाहिले म्हणजे हा फरक ठळक होतो. दुसऱ्या भागाला पहिल्यापेक्षा सरासरी अधिक चांगले गुण मिळालेले पुष्कळदा दिसतात. दुसरा भाग अधिक चांगला असेलच असे नाही. पहिला भाग न रुचलेले वाचक दुसऱ्याकडे फिरकलेलेच नसतात. म्हणजे आकडा गाळून उरलेल्या वाचकांचा असतो. हीच गोष्ट जाडजूड आणि अवघड म्हणून ख्यात असलेल्या एकेकट्या कादंबरीलाही लागू होते, कारण तिथे गाळण पुस्तकाच्या आतच होते.

सोडणाऱ्यांचा माग काढण्याचा एक गमतीदार प्रयत्न जॉर्डन एलेनबर्ग या गणितज्ञाने २०१४ मध्ये केला होता. किंडल या ई-पुस्तके वाचण्याच्या उपकरणावर वाचकांनी सर्वाधिक अधोरेखित केलेली पाच वाक्ये घ्यायची, ती पुस्तकात सरासरी किती दूर आहेत ते पाहायचे आणि एकूण लांबीशी त्याचे प्रमाण काढायचे, अशी त्याची पद्धत होती. हे प्रमाण जितके कमी तितके बहुतेकांनी पुस्तक लवकर सोडले असावे, असा त्यामागचा तर्क. डॉना टार्ट यांच्या ‘द गोल्डफिंच’ला ९८.५ टक्के मिळाले, तर डेव्हिड फॉस्टर वॉलेस यांच्या ‘इन्फिनिट जेस्ट’ला ६.४. हे काटेकोर संशोधन नव्हे, असे त्याने स्वतःच सांगितले होते, आणि एखाद्या पुस्तकातील सुभाषितवजा वाक्ये शेवटी एकवटलेली असली तर हा आकडा फसवा ठरेल हे उघड आहे. तरीही ज्या वाचकाची नोंद कुणी ठेवत नाही त्याची चाहूल या आकड्यांतून लागते, म्हणून हे उदाहरण टिपणात ठेवले.

२५ जानेवारी

क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीचे टिपण. चार्ल्स डिकन्स यांची ‘पिकविक पेपर्स’ १८३६-३७ मध्ये मासिक भागांतून निघाली. सुरुवातीच्या भागांचा खप मोजक्या शेकड्यांत होता. चौथ्या भागात सॅम वेलर हे पात्र आले, मागणी चढू लागली आणि शेवटाकडे ती ४०,००० प्रतींच्या घरात गेली. याचा अर्थ कादंबरी पुरी होण्याआधीच तिच्याविषयी मत बनले होते आणि ते मत लेखकापर्यंत पोचत होते. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून येऊ लागली, तेव्हाही वाचक आणि पुस्तक यांचे नाते असेच हप्त्याहप्त्याने जुळत गेले असणार.

महिनाभराच्या खंडाने वाचणाऱ्याला पात्रे आठवावी लागतात. डिकन्सच्या पात्रांची ठरावीक लकब, एखादे पालुपदासारखे वाक्य, पुन्हापुन्हा येणारा हातवारा या गोष्टी त्या वाचकाला ओळख पटवून देण्याचे काम करीत. तीच कादंबरी बांधीव पुस्तकाच्या रूपात चार दिवसांत संपवणाऱ्याला मात्र हीच पुनरावृत्ती यांत्रिक वाटू लागते, आणि पात्रे सपाट आहेत असा आक्षेप तो घेतो. आक्षेप प्रामाणिक आहे. फक्त ज्या वाचनासाठी ती लकब रचली होती ते वाचन त्याच्या वाट्याला आलेले नाही.

जर्मन समीक्षक वोल्फगांग ईझर यांनी नोंदवले आहे की एकोणिसाव्या शतकातील वाचकांना तीच कादंबरी पुस्तकरूपापेक्षा हप्त्यांतून वाचताना अधिक सरस वाटत असे. दोन हप्त्यांमधल्या रिकाम्या काळात वाचक पुढे काय होईल याची कल्पना करीत राहतो आणि त्या कल्पनेतून तो कादंबरीच्या रचनेत सहभागी होतो, अशी त्यांची मांडणी आहे. हे पटते. पुढील महिन्यात वाचकांपैकी काहीजणांना एक कादंबरी मुद्दाम ठरावीक अंतराने वाचायला सांगता येईल.

२ फेब्रुवारी

ग्रंथालयाच्या सवयीने कादंबरीचा आकारच कसा ठरवला, त्याचे व्हिक्टोरियन इंग्लंडइतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडले नाही. तेथे नवी कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असे. सामान्य वाचकाला ती विकत घेणे अशक्य होते. चार्ल्स एडवर्ड मूडी यांनी १८४२ पासून पुस्तके भाड्याने देण्यास सुरुवात केली. वर्षाला एक गिनी (एकवीस शिलिंग) वर्गणी आणि एका वेळी एक खंड. तीन खंडांची कादंबरी एकाच वेळी तीन सभासदांकडे फिरू शकत होती, त्यामुळे ग्रंथालयाला हा आकार सोयीचा होता. ग्रंथालय हेच सर्वांत मोठे गिऱ्हाईक असल्याने प्रकाशकाला तो हवा होता, आणि प्रकाशकाला हवा म्हणून लेखक तीन खंड भरून काढीत होता. पहिला खंड परत करून दुसरा मागावा असे वाचकाला वाटले पाहिजे, ही गरज प्रत्येक खंडाच्या अखेरीच्या घडणीतच गुंफली गेली.

निवडही ग्रंथालयाच्या हाती होती. कुटुंबात मोठ्याने वाचले जाईल आणि तरुण मुलींच्याही हाती पडेल, असा वाचक डोळ्यांपुढे ठेवून मूडी पुस्तके नाकारीत. जॉर्ज मूर यांच्या पहिल्या कादंबरीविषयी ग्रामीण भागातील दोन स्त्रियांनी पत्राने नापसंती कळवली, एवढे कारण तिचा प्रसार रोखण्यास पुरेसे ठरले, असे मूर यांचे सांगणे आहे. १८८५ मध्ये त्यांनी या व्यवस्थेविरुद्ध एक घणाघाती पुस्तिकाच लिहिली. पुढे १८९४ मध्ये मोठ्या ग्रंथालयांनी एका खंडाला चार शिलिंगांहून अधिक देणार नाही असे जाहीर केले आणि तीन खंडांची कादंबरी काही वर्षांतच जवळजवळ नाहीशी झाली. त्यामागे कोणताही वाङ्मयीन विचार नव्हता. वाचन ज्या मार्गाने होत होते तो मार्ग बदलला, आणि आटोपशीरपणा हा कादंबरीचा गुण मानला जाऊ लागला.

१० फेब्रुवारी

हर्मन मेलव्हिल यांच्या ‘मोबी डिक’चे प्रकरण आज नीट लावून घेतले. कादंबरी ऑक्टोबर १८५१ मध्ये लंडनमध्ये ‘द व्हेल’ या नावाने तीन खंडांत निघाली आणि पुढील महिन्यात न्यूयॉर्कमध्ये एका खंडात. लंडनच्या आवृत्तीत उपसंहार छापलाच गेला नाही. उपसंहारात निवेदक इश्माएल कसा वाचला हे सांगितले आहे. ते पान नसल्याने जहाज बुडते, सगळे मरतात आणि तरीही कुणीतरी ही गोष्ट सांगते आहे, असा प्रकार झाला. लंडनच्या काही परीक्षणकर्त्यांनी नेमका हाच दोष दाखवला. शिवाय व्हेलविषयीची उताऱ्यांची जंत्री, जी अमेरिकी आवृत्तीत प्रारंभी येऊन वाचकाला कादंबरीच्या विचित्र ज्ञानभारासाठी तयार करते, ती लंडनमध्ये तिसऱ्या खंडाच्या शेवटी गेली.

या परीक्षणकर्त्यांनी हाती आलेले पुस्तक वाचून दिलेले मत बरोबरच होते. परंतु मेलव्हिल यांच्या अन्य सागरी कथांची गोडी असलेल्या वाचकाची अपेक्षाही त्यात मिसळली होती: साहसकथा हवी असलेल्याला व्हेलच्या शरीररचनेवरील प्रकरणे म्हणजे अडथळा वाटला. मेलव्हिल १८९१ मध्ये वारले तेव्हा ही कादंबरी जवळजवळ विसरली गेली होती. १९१९ मध्ये त्यांची जन्मशताब्दी आली, १९२१ मध्ये रेमंड वीव्हर यांचे चरित्र प्रसिद्ध झाले, आणि दरम्यान तुटक रचना, नाट्यसंवाद, निबंध आणि कथा यांची सरमिसळ वाचण्याची सवय असलेली एक नवी पिढी तयार झाली होती. ज्या प्रकरणांवरून पहिल्या वाचकांनी पुस्तक बाजूला ठेवले होते, त्याच प्रकरणांसाठी या पिढीने ते उचलले.

१९ फेब्रुवारी

वाचकांची पहिली पत्रके आली. त्यांतील दोन शेजारी ठेवून बराच वेळ वाचली. दोन्ही एकाच कादंबरीची आहेत: एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांची सातशेहून अधिक पानांची कथा, जिचे निवेदन मध्यावर आजीकडून नातीकडे जाते आणि हा बदल कुठेही जाहीर केला जात नाही.

पहिल्या वाचकाने ती रात्री झोपण्यापूर्वी थोडी थोडी वाचली आहे. बैठकांचा रकाना त्यांनी आकडा न लिहिता ‘रोज पाच-सात पाने’ असा भरला आहे. सर्वांत मोठा खंड अकरा दिवसांचा आहे आणि तो नेमका निवेदक बदलण्याच्या प्रकरणावर पडला आहे. पुन्हा पुस्तक उघडल्यावर बोलणारी व्यक्ती आजीच आहे असे समजून त्यांनी बरीच पाने वाचली. वयाचा आणि घराचा मेळ बसेना, म्हणून मागे जाऊन पाहिले आणि तरीही मन रमले नाही. त्यांच्या मते लेखिकेची पात्रांवरील पकड मध्यानंतर सुटली आहे आणि माणसांची गर्दी अनावर झाली आहे. दुसऱ्या वाचकाने तीच कादंबरी दीर्घ सुटीत, मोजक्या आणि लांब बैठकांत संपवली. निवेदक बदलल्याचे त्यांना पहिल्याच परिच्छेदातील बोलण्याच्या लयीवरून कळले. आजी आणि नात यांचे आवाज एकमेकांत मिसळणे हीच कादंबरीची थोरवी, असे त्यांचे मत आहे.

दोघेही तितकेच जाणते वाचक आहेत. चर्चेत एका सहकाऱ्यांनी सुचवले की दुसरे वाचन खरे मानावे आणि पहिले बाद करावे. मला ते मान्य नाही. लांब बैठक मागणे हा या कादंबरीचा गुणधर्म आहे, आणि तिच्याकडून ती मागणी केली जाते हे पहिल्या पत्रकामुळेच कळले. एकट्या दुसऱ्या पत्रकावरून आपण असे समजलो असतो की निवेदकाचा बदल सहज लक्षात येणारा आहे. म्हणून टिपणात दोन्ही मते त्यांच्या अटींसह लिहिली: खंड पडू न देता वाचली तर आवाजांची गुंफण हाती लागते, तुकड्यांत वाचली तर निवेदनाचा धागा हातून सुटतो. नुसते ‘पकड सुटली’ किंवा नुसते ‘थोर’ असे कोणतेच विधान यापेक्षा अधिक सांगत नाही.

२८ फेब्रुवारी

माध्यमाविषयीचे संशोधन. छापील पान आणि पडदा यांची तुलना करणाऱ्या ५४ अभ्यासांचे एकत्र विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत एक लाख सत्तर हजारांहून अधिक जणांची माहिती होती. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो असे दिसले. कथात्मक मजकुरात मात्र तसा फरक आढळला नाही. ‘पडद्यावर कादंबरी कळतच नाही’ असे जे सरसकट बोलले जाते, त्याला या विश्लेषणातून आधार मिळत नाही. दुसरीकडे आन मांगेन आणि सहकाऱ्यांनी ५० जणांना एक दीर्घ रहस्यकथा वाचायला दिली होती, निम्म्यांना छापील आणि निम्म्यांना किंडलवर. बहुतेक प्रश्नांत दोन्ही गट सारखे ठरले, पण घटनांचा क्रम लावताना किंडलवरचे वाचक मागे पडले. उजव्या हाताखालची पाने कमी होत जातात आणि आपण कथेत कुठवर आलो हे हाताला कळते, ते पडद्यावर कळत नाही, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. काळाशी खेळणाऱ्या कादंबऱ्यांच्या पत्रकांत हा मुद्दा पाहायला हवा.

ऐकण्याच्या सवयीचे उदाहरण म्हणून क्यूबातील सिगार कारखाने घेतले. तेथे १८६५ पासून कामगारांना काम चालू असताना मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत सुरू झाली. वाचून दाखवणाऱ्याचे वेतन कामगार आपल्या मजुरीतून देत आणि काय वाचायचे हेही तेच ठरवीत. शेकडो माणसे एकाच वेळी एकच प्रकरण ऐकत, हात तंबाखूवर आणि कान कादंबरीवर. अलेक्झांडर द्यूमा यांची ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ तेथे इतकी आवडती झाली की एका प्रसिद्ध सिगारला तिचेच नाव मिळाले, असे सांगितले जाते. ऐकणाऱ्याला मागचे पान उलटता येत नाही. ज्या कादंबरीत प्रसंगच पुढचा प्रसंग ओढून आणतो आणि पात्रे बोलण्यावरून ओळखू येतात, ती अशा वाचनात तगते. आज कानांनी कादंबऱ्या ऐकणाऱ्यांच्या पत्रकांतही संवादांचे कौतुक आणि लांब वर्णनांचा कंटाळा वारंवार दिसतो, आणि वाचून दाखवणाऱ्याचा आवाज आवडला नाही म्हणून सोडलेली कादंबरीही दिसते. तेथे मत कुणाविषयी आहे हे ठरवणे अवघड जाते.

८ मार्च

‘आधी काय ठाऊक होते’ हा रकाना.

बालाझ कोवाक्स आणि अमांडा शार्की यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुरस्कार मिळालेल्या आणि केवळ अंतिम यादीपर्यंत पोचलेल्या पुस्तकांच्या जोड्या घेतल्या होत्या; एकूण ६४ पुस्तके आणि गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावरील ३८,८१७ अभिप्राय. पुरस्कार जाहीर झाल्यावर विजेत्या पुस्तकांचे वाचक वाढले, पण त्यांची सरासरी तारांकने यादीतील इतर पुस्तकांपेक्षा अधिक खाली आली. पुरस्कारामुळे असे वाचक आले ज्यांनी एरवी त्या प्रकारचे पुस्तक हाती घेतलेच नसते, हे त्यांचे मुख्य स्पष्टीकरण आहे. म्हणजे येथे लोकप्रियता वाढणे आणि मत घसरणे ही एकाच कारणाची दोन फळे आहेत. तारांकन घसरले म्हणून परीक्षकांची निवड चुकली, असा निष्कर्ष यातून निघत नाही, आणि तो किती सहज काढला जातो याचे मला मनापासून वाईट वाटते.

लेखकाच्या नावाचा परिणाम दाखवणारे उदाहरण सर्वपरिचित आहे. रॉबर्ट गॅलब्रेथ या नावाने एप्रिल २०१३ मध्ये आलेल्या ‘द ककूज कॉलिंग’ या रहस्यकादंबरीच्या ब्रिटनमध्ये पहिल्या काही महिन्यांत सुमारे १,५०० प्रती गेल्या होत्या. परीक्षणे चांगली होती. जुलैमध्ये लेखिका जे. के. रोलिंग असल्याचे उघड झाले आणि पुस्तक खपाच्या यादीत थेट वर गेले. मजकुरात एका अक्षराचाही बदल नव्हता.

शेवट आधी कळल्याने मजा जाते हा समज मात्र तपासणीत डळमळतो. लेव्हिट आणि क्रिस्टनफेल्ड यांच्या २०११ मधील प्रयोगात शेवट आधीच सांगितलेल्या लघुकथांना वाचकांनी किंचित अधिक पसंती दिली. तो लघुकथांपुरता आहे, कादंबरीच्या दीर्घ प्रतीक्षेला तो तसाच लावता येणार नाही. तरीही शेवट ठाऊक असलेल्यांची पत्रके बाजूला काढण्याचा विचार आम्ही सोडून दिला.

१७ मार्च

एफ. स्कॉट फिट्झेराल्ड यांच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’चे टिपण पूर्ण केले. १९२५ मध्ये आलेल्या या कादंबरीचा खप लेखकाच्या अपेक्षेहून खूपच कमी राहिला आणि १९४० मध्ये ते वारले तेव्हा दुसऱ्या मुद्रणाच्या प्रती अजून शिल्लक होत्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांसाठी खिशात मावतील अशा आडव्या, दोन स्तंभांत छापलेल्या पुस्तकांची योजना १९४३ ते १९४७ या काळात राबवली गेली. तिच्यातून १,३२२ शीर्षकांच्या बारा कोटींहून अधिक प्रती मोफत वाटल्या गेल्या. त्यांत ‘गॅट्सबी’च्या सुमारे १,५५,००० प्रती होत्या, पूर्वीच्या सगळ्या खपापेक्षा कितीतरी अधिक. कादंबरी लहान आहे, प्रकरणे थोडी आहेत, आणि प्रतीक्षेत काढलेल्या तासांत ती पुरी होते. याच सुमारास समीक्षकही फिट्झेराल्ड यांच्याकडे पुन्हा वळत होते, आणि पुढे ती अभ्यासक्रमांत गेली. वर्गात एकेक प्रतिमा उलगडून शिकवण्यासही तिची आटोपशीर घडण सोयीची पडली. एकट्या सैनिकी आवृत्तीला सगळे श्रेय देणे योग्य नाही, पण जलद एकटे वाचन आणि सावकाश सामुदायिक वाचन या दोन्हींत ती टिकली, याला महत्त्व आहे.

जॉन विल्यम्स यांच्या ‘स्टोनर’ची कहाणी थोडक्यात: १९६५ मध्ये सुमारे दोन हजार प्रती, नंतर दीर्घ विस्मरण, २००३ आणि २००६ मधील पुनर्मुद्रणे, २०११ मध्ये आना गाव्हाल्दा यांचा फ्रेंच अनुवाद, आणि मग युरोपातील अनेक देशांत मोठा खप. लेखक १९९४ मध्येच वारले होते.

२६ मार्च

पुनर्वाचन. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात थोडी पुस्तके पुन्हापुन्हा वाचण्याची सवय मागे पडून पुष्कळ पुस्तके एकेकदा वाचण्याची सवय आली, असा सिद्धान्त जर्मन इतिहासकार रोल्फ एंगेल्सिंग यांनी मांडला होता. अमेरिकी इतिहासकार रॉबर्ट डार्न्टन यांनी त्याला हरकत घेतली ती एका कादंबरीच्याच आधारे. रूसो यांची ‘ला नुव्हेल एलोईझ’ १७६१ मध्ये आली आणि १८०० पर्यंत तिच्या किमान ७० आवृत्त्या निघाल्या. मागणी इतकी होती की पुस्तकविक्रेते तिचा एकेक खंड तासाच्या भाड्याने देत. आणि ज्या वाचकांनी ती अशी घाईने मिळवली, त्यांनीच रूसोंना लांबलचक पत्रे लिहून पुन्हापुन्हा वाचल्याचे, रडल्याचे कळवले. नायिका ज्यूली खरोखर होऊन गेली का, असेही विचारले. म्हणजे सवय ही काळाची असते तशी पुस्तकाचीही असते. काही कादंबऱ्या वाचकाची रीत काही काळापुरती बदलून टाकतात, आणि आमच्या गृहीतकाला ही महत्त्वाची मर्यादा आहे.

महिन्याने नोंदवलेली मते आज प्रथमच एकत्र वाचली. संपल्यावर लगेच उत्साहाने लिहिलेली काही मते महिन्याने थंडावली आहेत. कथानक आठवते, पण पात्र आठवत नाही, असे त्यांत पुन्हापुन्हा येते. उलट ‘संथ’ आणि ‘कंटाळवाणी’ म्हणून नोंदलेल्या एका कादंबरीतील एक प्रसंग, जिथे वडील मुलाने पाठवलेले पत्र न उघडता कपाटात ठेवतात, तीन वेगवेगळ्या वाचकांनी आपणहून सांगितला आहे. त्यांपैकी एकानेही कादंबरीविषयीचे मत बदलल्याचे लिहिलेले नाही. तारांकनाच्या पद्धतीत पहिले मत तेवढे उरले असते.

ठरावीक अंतराने वाचणाऱ्या गटाची पत्रके अपुरी आहेत, कारण रहस्य तापल्यावर त्यांतील बहुतेकांनी ठरलेले अंतर मोडून पुढचे वाचून टाकले. तेही पत्रकात लिहून घेतले आहे आणि कोणत्या प्रकरणावर संयम सुटला हे आता त्या कादंबरीविषयीच्या टिपणात जाईल.

४ एप्रिल

अहवालाची मांडणी ठरली. कोणत्याही कादंबरीला सरासरी गुण द्यायचे नाहीत. प्रत्येक कादंबरीखाली आधी वाचनाच्या रीती येतील आणि प्रत्येक रीतीपुढे तिच्यातून आलेले मत. सोडलेल्या वाचनांना स्वतंत्र आणि तितकीच जागा. ज्या कादंबऱ्यांविषयी सगळ्या रीतींतून मत जवळपास सारखेच आले आहे त्यांचा गट वेगळा करायचा, कारण तेथे सवयीचा हिस्सा कमी आणि पुस्तकाचा अधिक, असे काहीशा खात्रीने म्हणता येते. ज्यांच्याविषयी मते फुटली आहेत त्यांत फूट कोणत्या पानावर, कोणत्या खंडानंतर पडली हे दाखवायचे.

तीन पिढ्यांच्या कादंबरीचे पहिले वाचक ती आता सलग वाचून पाहण्यास तयार झाले आहेत. त्यांना नवे कोरे पत्रक दिले आहे. त्यांचे जुने पत्रक अहवालात आहे तसेच राहील आणि नवे त्याच्या शेजारी लागेल.